लिफ्टमधली एक जागा

माझ्या तोंडून हे आजवर कुणी ऐकलेलं नाही. लेकीने नाही, शेजाऱ्यांनी नाही, आणि जिने सगळ्यांत आधी ऐकायला हवं होतं त्या कमलने — माझ्या बायकोने — तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी जमेल. जमेल ना? बघू.

सुरुवात विमानतळापासून करतो. तिथलं सगळं चांगलं होतं — माझ्याशिवाय.

भूमध्य समुद्रातलं एक लहान बेट. नाव लिहीत नाही. नाव आलं की लोक तिथल्या माणसांची चूक शोधायला लागतात, आणि त्यांची कणभर चूक नव्हती. आमची वैशाली तिकडे युरोपात नोकरीला. सुट्टीत तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि आठवडाभर त्या बेटावर नेलं. म्हाताऱ्या आईबापांना समुद्र दाखवायचा, एवढीच तिची हौस.

माझी उभी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. आर्वी, हिंगणघाट, सिंदी रेल्वे — माईकवर गाड्या पुकारायच्या, उशीर झाला की शिव्या खायच्या. त्यामुळे परतीच्या दिवशी त्या विमानतळात शिरलो तो प्रवासी म्हणून नाही, एकाच धंद्यातला माणूस म्हणून. इमारत ती काय, आमच्या स्टँडापेक्षा थोडी मोठी. पण काम! थंड देशातून विमान यायचं, पांढरीफटक माणसं उतरायची, आणि त्याच विमानात उन्हाने लालबुंद झालेली माणसं चढायची. पोरांच्या केसांत वाळू. एकाने तर रबरी मगर हवा न काढताच काखेत धरलेली. विमान जास्त वेळ उभं राहायचंच नाही. एका दाराने शेवटचा प्रवासी उतरतो न उतरतो तोच दुसऱ्या दाराने झाडूवाले आत. ज्या बाईने काउंटरवर बॅगा तोलल्या तीच थोड्या वेळाने गेटवर तिकिटं तपासताना दिसली. कुणी ओरडत नव्हतं. शिट्टी नाही, धक्काबुक्की नाही. आणि धावपट्टी संपते तिथे एकदम निळा समुद्र. मी मनातल्या मनात सलाम केला. तो सलाम आजही मागे घेतलेला नाही.

हे सगळं मी पाहत होतो ते खुर्चीत बसून. व्हीलचेअरमध्ये.

माझे पाय उत्तम होते. आजही आहेत. जन्मभर फलाटावर उभा राहिलेला माणूस मी. मग खुर्ची कशाला? ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना विचारा, ते गालात हसतील. खुर्ची मागितली की सोबत माणूस मिळतो, रांग लागत नाही, कुठल्या दाराने जायचं हे विचारावं लागत नाही. आमच्याकडच्या कितीतरी धडधाकट म्हाताऱ्यांनी असाच प्रवास केला आहे. वैशालीने तिकीट काढताना विचारलं होतं, कुणाला लागेल का. कमल म्हणाली, नको, आपलं ओझं लोकांवर कशाला? मी म्हणालो, माझ्या नावाने टाक, कमरेत चमक येते. खरं कारण निराळं. जन्मभर इतरांना गाड्या सांगणारा मी, परक्या भाषेतली घोषणा कळणार नाही या भीतीने गळाठलो होतो. तेवढं लेकीला सांगवलं नाही.

पण ही लबाडी सांगायला मी बसलेलो नाही. एवढीच असती तर तुमचा वेळ घेतला नसता.

वैशालीचं विमान आमच्या आधी होतं. तिने आम्हाला तिथल्या मदतनीस बाईच्या हवाली केलं, आईला मिठी मारली आणि गेली. त्या बाईच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं — रोझा. पन्नाशीची असेल, दणकट, केस मागे घट्ट बांधलेले. माझ्याशी बोलायचं तर ती खाली वाकायची, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर यायची. माझा पाय खुर्चीच्या पाट्यावरून घसरला तर तिने तो स्वतःच्या हाताने उचलून नीट ठेवला. परक्या माणसाचा पाय. चपलेसकट.

कमल हळूच म्हणाली, "पोरीवानी करून राह्यली हो ही."

तेव्हा तरी उठायचं ना? नाही उठलो.

कमलचा उजवा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. बेटावरच्या गावांत सगळे दगडी चढउतार. लेकीच्या सुट्टीचा विरस नको म्हणून ती तिच्यासमोर सरळ चालायची आणि खोलीत आली की पलंगाच्या कडेवर बसून तेल चोळायची. हे फक्त मला माहीत होतं. त्या दिवशी ती खुर्चीच्या बाजूने चालत होती, एक हात खुर्चीच्या दांड्यावर. लोकांना वाटलं असेल, नवऱ्याला सांभाळते आहे. ती टेकत होती.

विमानात जायला तिथे बोगदा नव्हता. बाहेर पडायचं, उन्हातून चालायचं आणि जिना चढायचा. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी एक गाडी होती. तिच्यावर खोलीसारखा डबा. विमानाजवळ गेली की डबा वर उचलला जातो आणि थेट मागच्या दाराला लागतो. लिफ्टच म्हणा. अशी गाडी एकच. त्यात आधीच दोन फार म्हाताऱ्या बाया बसलेल्या, एकीच्या नाकाला नळी. उरली एक जागा.

रोझाने कमलच्या पायाकडे पाहिलं. मग वाकली, आणि मला सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं. माझं इंग्रजी जेमतेम, पण ते मला पूर्ण कळलं. एकच जागा आहे. या बाईंचा पाय दुखतो असं दिसतं. तुम्हाला थोडंसं चालता येत असेल, तर त्यांना वर नेऊ का? तुमच्यापैकी कोण?

काय अवघड होतं? उठायचं होतं. पण उठलो की सगळ्यांना दिसणार — म्हातारा चालतो! मग सकाळपासून ढकलत कशाला आणला? आमच्या स्टँडवर मी अपंगांच्या जागेवर बसलेल्या तगड्या लोकांना चारचौघांत उठवायचो. "उठा बाप्पा, पाय शाबूत हायेत न तुमचे?" अख्खी बस हसायची. ते हसू मला त्या समुद्राकाठी ऐकू आलं.

मी म्हणालो, "नो, नो. शी स्ट्राँग. शी वॉक."

कमलला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं, "काय म्हणते ती?"

आणि मी तिला सांगितलं, "म्हणते, तुह्यासाठी जागा नाई. तू पायऱ्यानं येजो."

ती बरं म्हणाली. पदर खोचला, माझी पिशवीही घेतली — आणि गेली.

रोझासकट डबा वर गेला. त्याला खिडकी होती. खिडकीतून पुढचा जिना सरळ दिसत होता, आणि जिन्यावर कमल. कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. मागचे लोक थांबले होते, कुणी घाई करत नव्हतं. अर्ध्यावर गुडघा मुडपला. ती पडली ती तोंडावर नाही, गुडघ्यावरच — लोखंडी पायरीच्या धारेवर.

मी उभा राहिलो. ताडकन. एक पाऊल पुढेही टाकलं.

रोझाने वळून पाहिलं. आधी माझ्या पायांकडे, मग तोंडाकडे. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आणि मी परत बसलो.

हे आहे ते. खुर्चीचं नाटक नाही, इंग्रजीची भीती नाही — बायको लोखंडावर पडलेली दिसत असताना मी परत बसलो.

रोझा मागच्या दारातून विमानात शिरली, मधल्या वाटेने धावत पुढच्या जिन्यावर गेली. टोपीवाल्या एका प्रवाशाने कमलला तोवर उचललं होतं. रोझाने तिच्या कमरेला हात घालून तिला आत आणलं, रुमालात बर्फ बांधून गुडघ्यावर धरला. मग माझ्याकडे आली आणि मला माझ्या जागेवर बसवलं. तशाच हळुवार हातांनी. काहीच पाहिलं नाही असं. डॉक्टर बोलवायचा का, हे तिने खुणेने विचारलं. कमलने हातानेच नको म्हटलं. जाताना तिने कमलच्या गालाला हात लावला. माझ्याकडे पाहून मान हलवली, निरोपाची. एवढी सभ्यता मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. एका माणसात सोडून.

रोझाने मला कमलशेजारच्या जागेपाशी आणलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धवट उठायला लागलो होतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती पुटपुटली, "बसा, बसा. उठू नका. लोकं पाहून राह्यले."

त्या अवस्थेत ती माझी अब्रू सांभाळत होती.

गुडघ्याची वाटी चिरली होती. तसाच तो पाय घेऊन ती आमच्या गावापर्यंत, आंजीपर्यंत आली. पुढे सेवाग्रामला ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण तो पाय पहिल्यासारखा नाही वळला. आठवडी बाजार ही तिची खरी हौस. चार ठिकाणी भाव करून, दोघींशी भांडून, तिसरीच्या पोराची चौकशी करून पिशवी भरायची. तो सुटला. आता भाजी मी आणतो आणि ती नावं ठेवते.

आणि घरी मी काय सांगितलं? वैशालीने फोनवर रडत विचारलं, आई जिन्याने का गेली? मी म्हणालो, तुझी आई हट्टी. त्या बाईने विचारलं होतं, हिनेच नको म्हटलं. तेच घरात रुजलं. नातवंडं चिडवतात, आजी, हट्ट नको करू, विमानाचा जिना आठव. सगळे हसतात. कमलही हसते.

परवा शेजारचे विठ्ठलराव आले होते. मुलाकडे जायचं म्हणून चौकशीला. कमल त्यांना म्हणाली, "खुर्ची घेजा भाऊ, लाजू नका. मी हट्ट केलता, पाहा कशी बसली."

मी शेजारीच होतो. चहा पीत होतो.

आपण हट्ट केला नव्हता हे तिला ठाऊकच आहे; त्यापलीकडे किती ठाऊक आहे, मला माहीत नाही. मी उभा राहिलेला तिला दिसला का, रोझाने काय विचारलं ते तिने चेहऱ्यावरून ओळखलं का — मी कधी विचारलं नाही. आज संध्याकाळी हे तिला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल ते तिचं. वैशालीला आणि विठ्ठलरावांनाही हेच द्यायचं आहे, म्हणून इथे सरळ लिहून ठेवतो. जागा होती. रोझाने कमलसाठीच विचारली होती. कमलने नको म्हटलं नाही, हट्ट केला नाही. तिला कुणी विचारलंच नाही.