रुसलेले दाजी

धाकट्या भावाच्या लग्नात सगळ्या जावयांना फेटे बांधून झाले आणि एक फेटा टेबलावर तसाच पडून राहिला. तो माझ्या नवऱ्याचा होता. येणारा-जाणारा विचारायचा, "दाजी नाही आले?"

मी प्रत्येकाला सांगत होते, "कांदा आत्ता पोसायला लागलाय. शेतातल्या मोटारीला वीज आज मिळणार, मग थेट पुढच्या आठवड्यात. आजचं पाणी चुकवून कसं चालेल?"

"एक दिवस सुट्टी काढायची की," मावसभाऊ म्हणाला. "तुमच्यावर कुठे साहेब बसलाय?"

त्याचा साहेब रजा नाकारतो, तेव्हा सगळं घर हळहळतं. पीकही तशीच रजा नाकारतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरेना. सगळे मान हलवायचे आणि माझ्याकडे संशयाने बघायचे.

शेवटी आईने मला बाजूला घेतलं. "खरं सांग, जावईबापूंच्या मानपानात काही चुकलं का आमचं?"

सांगून सांगून मी दमले होते. म्हटलं, "हो. थोडे रुसलेत."

आईचा चेहरा एकदम निवळला. भावाने लगेच फोन लावला आणि चिखलात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याची तो मनापासून माफी मागू लागला.