झरोक्यावरचं पोतं

माझे हात चांगले होते, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगत असे. तेलगावच्या बाजूला कपाशी भरपूर पिके. तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी फिटर होतो. यंत्र अडलं की मालक आधी शिव्या द्यायचा आणि मग मलाच बोलवायचा. निजामी अंमलात आमच्यासारख्यांना मान मिळायचा तो एवढाच. पण मला तेवढ्यानंही चढायचं.

जमिनीची मोजणी करायला आलेला एक साहेब जिनाच्या बंगल्यावर उतरला होता. जाताना त्यानं आपला जुना कॅमेरा मला दिला. त्याच्याकडच्या एका मासिकात मी मृगाच्या तेजोमेघाचा फोटो पाहिला आणि वेड लागलं. मृगाच्या पोटातला बाण सगळ्यांना ठाऊक असतो, ओळीनं तीन तारे. त्याच्या खाली नुसत्या डोळ्यांना एक पुसटसा डाग दिसतो. फोटोत मात्र त्या डागाला पंख फुटलेले होते. म्हटलं, साहेबाला जमतं तर मला का जमू नये?

हे फोटो एका टिचकीत निघत नाहीत. काचेची प्लेट तासभर उघडी ठेवावी लागते आणि तोवर तारे आपले सरकतच असतात. म्हणून कॅमेराही त्यांच्याबरोबर सरकवायचा. मी सागवानी फळीला बारीक आट्यांचा पितळी स्क्रू बसवून तशी सोय केली होती. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बांधलेली, तिच्या भिंगाशी दोन केस आडवे-उभे ताणलेले. केसांच्या फुलीवर एक तारा धरायचा आणि तो हलू नये म्हणून तासभर स्क्रू फिरवत राहायचं. डोळा काढला की प्लेट गेली. ते केस माझ्या बायकोचे होते. तिनंच विंचरताना काढून दिले आणि म्हणाली, "माज्या केसानं आभाळ बांधताय व्हय?"

हे सगळं बिऱ्हाड आमच्या माळवदावर. आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. त्या छतावर मी यंत्रासाठी मातीचा ओटा बांधला होता. ओट्यापासून चार हातांवर खालच्या खोलीचा झरोका होता, उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेला. आमच्याकडे घरोघरी असतो.

त्या पौषात आम्हाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बायकोची आई लहानपणीच गेलेली, म्हणून ते आमच्याच घरी झालं. पोर झाल्याच्या पाचव्या दिवशी आमच्यात सटवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. त्या रात्री सटवी येऊन पोराच्या कपाळावर नशीब लिहिते. दिवा विझू द्यायचा नाही, दाराची कडी काढायची नाही, पुरुषानं आत जायचं नाही. गल्लीतल्या बायका पूजा करून आपापल्या घरी गेल्या. आत बायको, पोर आणि म्हातारी सुईण अशा तिघीच राहिल्या. थंडी कडाक्याची. सुईणीनं शेगडीत कोळसे रचले आणि ओवा-शेपाची धुरी केली.

नेमकी त्याच दिवशी अमावास्या. अमावास्येला शेतकरी बैल जुंपत नसत, कपाशीच्या गाड्या येत नसत, म्हणून जिन बंद. आभाळ धुतल्यासारखं. जेवणं उरकताच मी वर गेलो, प्लेट चढवली, तारा फुलीवर धरला. पाहतो तर झरोक्यातून दिव्याचा उजेड वर येतोय, त्यात धुरीचा धूर, आणि तो उजळलेला धूर बरोबर कॅमेऱ्यापुढून चाललाय.

मी झरोक्याशी वाकलो आणि म्हणालो, "जरा येळ झाकतो गं हे."

"कावून?" खालून बायकोनं विचारलं.

"उजेड येतोय. तासाभराचा तर सवाल हाय."

"अवो, धूर कोंडंल की."

"दाराच्या फटीतनं जातोय. लई करू नकोस."

तिनं शेगडी जरा लांब सरकवली. मग म्हणाली, "बरं. पण लवकर काढा."

मी पोतं भिजवून चौघडी करून झरोक्यावर टाकलं आणि कडेनं माती दाबली. काम नीट करायची सवय, फट ठेवली नाही. पुढच्या अमावास्येला हाच फोटो काढता आला असता. मृग काही पळून जाणार नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

पोर रडत होती. तिच्या रडण्यानं माझं चित्त ढळत होतं आणि स्क्रूवरचा हात बिचकत होता. मग तिचं रडणं बारीक होत गेलं आणि थांबलं. तेव्हा मला बरं वाटलं. बाकी सगळ्याला मी कधी ना कधी काही कारण शोधलं आहे, या बरं वाटण्याला मला कारण सापडलेलं नाही. बाप होतो मी तिचा. बिडी ओढल्यावर वाटतं तसं मला हलकं वाटलं आणि मी तारा फुलीवर धरून बसलो.

पुढे खाली काहीतरी धप्पकन पडलं. वरवंटा असेल, म्हटलं. पाट्यावरचा वरवंटा पडायला तो काय मडकं आहे? पण डोळा काढला असता तर प्लेट गेली असती. तास भरायला थोडंच राहिलं होतं. ते थोडं मी भरू दिलं. मग झाकण लावलं, प्लेट कपड्यात गुंडाळली आणि तेव्हा कुठं जाऊन पोतं ओढलं. झरोक्यातून गरम वाफ तोंडावर आली. खाली दिवा मिणमिणत होता. हाक मारली, ओ आली नाही.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. दार आतून लावलेलं. खांद्यानं धडका देत होतो, तोच आतून कडी खरखरली. मघाशी पडली होती ती म्हातारी सुईण. ती सरपटत दारापर्यंत आली होती. मी बायकोला काखेत हात घालून अंगणात ओढलं. पोर सुईणीनं उचलली. पोरीची मान लोंबत होती. म्हातारी स्वतः ओकत होती, तरी तिनं पोरीला पालथं घालून पाठ चोळली, तोंडात फुंकर मारली, पुन्हा चोळली. मी हात जोडून उभा होतो. माझे ते चांगले हात त्या वेळी कशाच्याच कामाचे नव्हते. शेवटी पोर शिंकली आणि रडली, आणि त्या रडण्यानं बायकोनं डोळे उघडले.

सुईणीनं गल्लीत सांगितलं की सटवी कोपली होती. बायकोनं तिला खोडलं नाही. उजाडल्यावर तिनं झरोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आलं का तुमचं चित्र?"

महिनाभर मी ती प्लेट धुतली नाही. पुन्हा तिनंच आठवण केली, तेव्हा धुतली. एखाद्या तरी ताऱ्याची रेघ ओढलेली निघावी, असं मला फार वाटत होतं. पण ती माझ्या हातून निघालेली सगळ्यात चांगली प्लेट होती. तेजोमेघाचे दोन्ही पंख स्वच्छ आले होते, तारे टाचणीच्या टोकाएवढे. तिनं काच उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. मग चोळीच्या खणात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवली. मी कॅमेरा जिनातल्या कारकुनाला देऊन टाकला.

पोरीला कळू लागलं तसं आईनं तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पोर माझ्याशी कधी वेगळं वागली नाही. उलट लाडात आली की म्हणायची, "आबा, माजा फोटो दावा की." आणि काच मागायची.

तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. पाचवीच्या दिवशी पूजा झाली, बायको लेकीजवळ आत राहिली, दाराला आतून कडी लागली, आणि मी घोंगडी घेऊन माळवदावर गेलो. झरोक्याशी बसलो. धूर सरळ वर येत होता. मधूनमधून मी त्यात हात धरून पाहत होतो. मृग डोक्यावर आला होता, मी तिकडे पाहिलं नाही. खाली नातू रडत होता आणि तो थांबला की मी झरोक्याशी वाकत होतो.

लेकीला माझी चाहूल लागली असावी. खालून तिची हाक आली, "आबा, कावून बसलाव थंडीत? आमी बऱ्या हाव. या खाली."

मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात बायकोचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू येईल इतका.

"बसू दे त्यांना. न्हाईतर मला झोप न्हाई यायची."