पत्रिकेच्या फ्लॉपीचे कुलूप

फ्लॉपीवर लिहिता येते की लेखनबंदी आहे, हे संगणकाला कसे कळते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला ठाऊक होते. शिरूरच्या शाळेत मी तेच शिकवत होतो. म्हणूनच तर आजही संताप येतो!

मुलीच्या लग्नाची पत्रिका मी घरच्या संगणकावर तयार केली. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स प्रणाली होती. (माझ्याखेरीज तिला कोणी हात लावत नसे, हा तिचा मुख्य गुण.) निमंत्रकांत पहिले नाव माझ्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, की मुलीचे मामा बाळासाहेब यांचे, यावर घरात रण माजले होते. "माझं नाव खाली गेलं तर मांडवात पाय ठेवणार न्हाई," असे दादांनी बजावले होते.

तेव्हा दादांचे नाव वर घालून मी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली चिमुकली खिडकी उघडली. खिडकी उघडी असली की यंत्रातला खटका तिच्यात उतरतो आणि लिहिणे बंद होते. फ्लॉपी जोडताच पडद्यावर तशी सूचनाही आली : लेखनबंदी, फक्त वाचता येईल.

छापखाना दौंडचा आणि दादाही तिथलेच, म्हणून फ्लॉपी न्यायला ते तिकडून आले. घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "पहिली पत्रिका देवाम्होरं ठेवायची आस्ती." पत्रिका अजून फ्लॉपीतच होती, सबब त्यांनी फ्लॉपीच देवापुढे ठेवली आणि ओले कुंकू लावले. चांगले बोटभर!

"दाजी, वाटंत कुणी नाव बदललं तर वो?" बाळासाहेबांनी खडा टाकला.

माझा पारा चढला. "बदलून दाखवा. आत्ता, दादांसमोर."

फ्लॉपी मीच जोडली. या खेपेला सूचना आली नाही. (न आलेल्या सूचनेकडे रागावलेल्या माणसाचे लक्ष जात नाही.) बाळासाहेबांनी दादांचे नाव खोडले, त्या जागी स्वतःचे घातले आणि फाइल जतन केली.

"झालं की," ते स्वतःच दचकले.

"ते नुसते पडद्यावर दिसते," मी ओरडलो, फ्लॉपी काढली, पुन्हा घातली. निमंत्रक : बाळासाहेब.

दादांनी टोपी उचलली. "मास्तर, दोघं मिळून चेष्टा लावलीया व्हय?"

मी फ्लॉपी काढून टेबलावर आपटली. खिडकीतून कुंकवाचा खडा टपकन पडला. म्हणजे कुंकवाने खिडकी बुजली होती आणि खटका उतरलाच नव्हता! घाईघाईने दादांचे नाव पुन्हा घालायला गेलो, तर पडद्यावर : लेखनबंदी.

दादा दारातून म्हणाले, "म्हंजी याचं नाव घालाया कुलूप उघडं, आन् माझं घालाया बंद?"

खिडकीची पट्टी सरकवावी, तर तिच्या खाचेत अजून कुंकू भरलेले. आत्याबाईंच्या केसांतल्या आकड्याने ते खरवडून खिडकी बंद केली, नाव परत वर चढवले. दादांनी चपला घातलेल्या पायांनीच येऊन ते वाचले.

दादा लग्नाला आले. मांडवात प्रत्येक पाहुण्याला त्यांनी माझी ओळख करून दिली, "ह्यो आमचा धाकटा. कुलूप लावाया शिकिवतो."

खिडकीचा हा नियम वाचकांनी स्वतः पडताळून पाहावा, ही विनंती. मात्र रिकाम्या फ्लॉपीवर, आणि थोरला भाऊ परगावी असताना.