टेलरकाकूंची झड

बोरीच्या टेलरकाकूंचं नाव आधी घेते, काय झालं ते नंतर. त्यांनी मला परभणीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं नसतं, तर आज तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे लिहीत नसते.

नवं काही दिसलं की काकूंचे हात शिवशिवायचे. ताडकळसच्या बाजारात एका बाईच्या ब्लाउजचा गळा आवडला, तर सरळ टेप लावला.

"ओ बाई, मी वळखत न्हाई तुमाला."

"मला गळ्याशी मतलब हाय, तुमी सरळ उभ्या ऱ्हा."

एका उन्हाळ्यात त्या पेटी शिकल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात मधमाश्या पाळायचं काढलं. नववीतून शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे काजं-बटणं करायचे. मला टाक्याटाक्याची धास्ती. काकू चिडवायच्या, "सुई तुला भ्यायलीय का तू सुईला?"

पण पावसाची झड लागली, चार-चार दिवस ऊन दिसेनासं झालं, की ह्याच काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दारावर पाटी: झड सरेपर्यंत माप घेणार नाही. दसऱ्याच्या सुमारास उठायच्या आणि विचारायच्या, "मी निजल्यावर कोनकोन बाळंत झालं?"

एका पावसाळ्यात मीही आडवी झाले. जेवण नको, जगणंही नको. "तुझी बी झडच हाय, सरंल," काकू म्हणाल्या. दसरा गेला, कापूस फुटला, लख्ख ऊन पडलं, तरी मी उठेना. तेव्हा काकू माझ्या आईला म्हणाल्या, "माझं चुकलं. माझं दुखणं हंगामी, पोरीचं बारमाही. हिला नुसतं ऊन पुरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी जिंतूरहून आलेल्या एसटीत त्यांनी मला बसवलं. डॉक्टरांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळं काकूंनीच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणि तुमचं काय?" "आमचं काय, ऊन पडलं की बरं." औषध माझंच घेऊन आलो.

मी सावकाश सावरले. तिरुपूरला जायलाही त्यांनीच लावलं. "धास्ती वाटायलीय तर तिला बी संगं ने," म्हणाल्या.

काल माझी आषाढातली सुट्टी मंजूर झाली, आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. लगेच फोन केला. "काकू, झडीच्या आधी येते. परभणीला डॉक्टरकडे जाऊ."

"आता कोनाला दाखवायला?"

"तुमाला."

मग म्हणाल्या, "खिडकीजवळची शीट मला पायजे."

खिडकी काकूंचीच. आणि डॉक्टरांसमोर त्या गप्प बसल्या, तर आवाज कापला तरी मी बोलेन. त्यांचे उपकार मी फेडणार आहे.