वसुधाकाकू आणि हॉलवर्थच्या बोटी

वसुधाकाकू माईणकर अमेरिकेत रोड आयलंडला आल्या, तोवर त्यांनी शिडाची बोट फक्त चित्रात पाहिली होती. माहेर नागपूरचं, शिक्षण गणितात एम.एस्सी. यजमान नरेंद्रकाका तिथेच प्रॉव्हिडन्स शहरात डॉक्टर. आमची दोन्ही घरं एकाच रस्त्यावर, त्यामुळे ही हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली.

१९७८ साली पेपरातली जाहिरात बघून काकू एडविन हॉलवर्थ या इंग्रज माणसाच्या ऑफिसात लागल्या. हॉलवर्थ शर्यतीच्या बोटी डिझाइन करायचा. बोटी बांधणाऱ्या सुताराचा मुलगा, शाळा अर्धवट सोडलेली. पण पाण्याला काय रुचेल हे त्याच्या पेन्सिलीला कळायचं. त्याच्या हलक्या, निमुळत्या बोटी शर्यती जिंकायला लागल्या, तसे बाकीचे डिझायनरही आपल्या बोटी हलक्या करू लागले. गणित मात्र त्याला जमत नसे. "मी रेषा काढतो. ती टिकेल की नाही ते वसुधा सांगते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

१९८४च्या सप्टेंबरात त्याची एक नवी बोट भर शर्यतीत उलटली. बोटीच्या पोटाखाली शिशाची जड कील असते. तिच्या वजनामुळे बोट सरळ राहते. ती कीलच तळ फाडून निघून गेली होती. चौघं वाचले, दोघं बुडाले. त्यातला एक तेवीस वर्षांचा होता.

बातमी कळताच काकूंनी कपाटातून त्या बोटीची ड्रॉइंग बाहेर काढली. कील जिथे जोडतात तिथल्या तळाची जाडी त्यांनी बत्तीस मिलिमीटर दिली होती. बोट बांधणाऱ्या यार्डात गेलेल्या कागदावर बावीस होती, आणि शेजारी हॉलवर्थची सही.

"ही कोणी बदलली?"

"मी," हॉलवर्थ म्हणाला. "बोटीच्या मालकाला वजन कमी हवं होतं. तुम्ही इंडियात होतात."

काकू त्या वेळी वडिलांच्या दिवसांसाठी नागपूरला गेल्या होत्या.

"फोन करायचा होतात."

"मला वाटलं, चालेल. आजवर मला वाटलं ते चालत आलं, वसुधा."

अपघाताची चौकशी लागली. हॉलवर्थच्या वकिलाने त्याला सल्ला दिला, की बांधणीत चूक झाली म्हणायचं, यार्डावर ढकलायचं. काकूंनी घरी सांगितलं, तेव्हा नरेंद्रकाका घाबरले. "तू यात पडू नकोस. जॉब सोड हवं तर. कोर्टात उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"अरे, यार्डातल्या लोकांनी काहीच केलेलं नाही. मी गप्प बसले तर ते आयुष्यभर मान खाली घालून फिरतील."

दुसऱ्या दिवशी त्या हॉलवर्थच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "चौकशीत तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन. पण ते तुम्ही सांगावं, असं मला फार वाटतं."

 हॉलवर्थ एवढंच म्हणाला, "तुम्ही तिथे याल?"

काकू गेल्या. भरल्या खोलीत हॉलवर्थ उठला आणि म्हणाला, "जाडी मी कमी केली. यार्डाने माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच काम केलं." तेवीस वर्षांच्या त्या मुलाची आई पुढच्या रांगेत होती. तिच्याकडे वळून त्याने मान झुकवली.

महिन्याभराने त्या आईचं पत्र आलं. तिला हॉलवर्थशी बोलायचं होतं. काकूंनी गाडी चालवत त्याला तिच्या दारापर्यंत नेलं आणि बाहेर थांबल्या. तासाभराने तो आला आणि सीटवर बसला. आत काय झालं हे त्याने कधीच सांगितलं नाही. काकूंनी विचारलं नाही.

नव्या बोटींची कामं थांबली. माणसं एकेक करून सोडून गेली. काकू राहिल्या. "खरं बोलल्यावर माणसाला एकटं टाकायचं का?" असं त्या नरेंद्रकाकांना म्हणाल्या. पुढची तीन वर्षं दोघांनी मिळून एक पुस्तिका केली : कुठल्या वजनाच्या कीलला तळ किमान किती जाड हवा, त्याचे तक्ते. किनाऱ्यावरच्या यार्डांना ती फुकट पाठवली. सुरुवातीला पाकिटं न फोडताच परत यायची. हळूहळू यार्डांतून प्रश्न विचारणारे फोन येऊ लागले.

१९८८च्या मार्चमध्ये हॉलवर्थ गेला. अंत्यविधीला जेमतेम वीस माणसं होती. त्यांत ती बोट बांधणाऱ्या यार्डाचा मालक होता, आणि मागच्या बाकावर बुडालेल्या त्या मुलाची आईही होती. काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या.