वडूजजवळचं बालगृह आणि स्वयंपाकघरात बसवलेली आई

मी सांगलीत विश्रामबागेत इंग्रजी बोलण्याचे क्लास घेते. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या एका संस्थेतून फोन आला. परदेशातून तरुण मुलं स्वयंसेवक म्हणून येणार आहेत, वडूजच्या बाजूला ख्रिस्ती सिस्टर लोकांनी चालवलेल्या बालगृहात राहणार आहेत, एका रविवारी दुभाषी म्हणून याल का? अनाथ मुलांसाठी आहे, असंही ते म्हणाले. मी लगेच हो म्हणाले. नवरा म्हणाला, "रविवारी घरी मटण आहे." मी त्याला तू खा म्हटलं आणि डबा बांधून घेतला.

जायचं कसं, हे आधी सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. सांगलीहून विट्याची एसटी सतत असते. विट्याला उतरून मायणीमार्गे वडूजची गाडी पकडायची. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च नावालाच. तासगाव सोडलं की द्राक्षबागा दिसतात, विट्यानंतर हिरवं कमी होत जातं आणि मायणीच्या पुढं नुसती कुसळं आणि दगड. डिसेंबरात सकाळी मरणाची थंडी असते, स्वेटर हवाच. वडूजच्या स्टँडवर चहा बरा मिळतो, वडापाव मात्र कालच्या तेलातला होता. तिथून दुसऱ्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि थोडं चालायचं.

या दुसऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली. हिरवं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"पोरीला भेटाय. सिस्टरबाईच्या शाळंत हाय, पाचवीला. आज पयला रविवार न्हवं का, भेटायचा दिस हाय."

तिचं नाव हिराबाई. म्हसवडकडची. मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि माणसांचा तळ, कराडच्या बाजूला उसाच्या रानात बसला होता आणि दोन दिवसांनी कुंभार्लीचा घाट उतरून कोकणात जाणार होता. "एकदा घाट उतरलो की थेट उनाळ्यात माघारी. म्हून म्हनलं, आज दिसभर बसू पोरीपाशी." गाठोड्यात शेंगदाण्याचे लाडू होते. मला एक दिला. नको म्हटलं तर रागावली.

बालगृहाच्या फाटकापाशी संस्थेचा समन्वयक उभा होता. केदार नाव, गळ्यात ओळखपत्र, मुलगा तसा गोड बोलणारा. मला त्यानं हात जोडून आत घेतलं. हिराबाईला म्हणाला, "आज पालकांची भेट नाही. निरोप दिला होता."

"रानात फोन लागत न्हाई वो," हिराबाई म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर रोझलिन आल्या. मूळच्या मंगळूरच्या, पण इथं इतकी वर्षं काढलीत की बोलणं अस्सल माणदेशी. त्यांनी हिराबाईकडं बघितलं, केदारकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिराबाई, आत सैपाकघरात बस थोडी. कार्यक्रम झाला की सारिकाला धाडते." मला वाटलं, गर्दी असेल, नियम असतील. मी गुमान पुढं गेले.

अंगणात मांडव घातला होता. परदेशी मुलं मुली आठवडाभर तिथंच मुक्कामाला होती. भिंतीला रंग दिला होता, फुलपाखरं काढली होती. जेवायला बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी, तीही आनंदानं खात होती. मुलं चांगलीच होती. एमा नावाची एक मुलगी तर पोरींच्या वेण्या घालत बसलेली, तेलाचे हात घेऊन मला भेटायला आली. राग त्यांच्यावर नव्हता, निदान तोवर तरी.

मग माइकवर ओळखीचा कार्यक्रम सुरू झाला. केदारनं सांगितलं, "मॅडम, पोरं मराठीत बोलतील, तुम्ही फक्त भाषांतर करा. समोर रेकॉर्डिंग चालू आहे." पहिला एक मुलगा आला, नाव सांगितलं, म्हणाला मला कुणी नाही. मी तसंच इंग्रजीत सांगितलं. दुसरी मुलगी आली, तीही तेच बोलली. आणि मग केदारनं नाव पुकारलं, सारिका.

लाल रिबिनी, हिराबाईचंच नाक. माइक दोन्ही हातांत धरून ती मोठ्यानं म्हणाली, "माझं नाव सारिका. मला आई नाही. मला वडील नाहीत. सिस्टर माझी आई आहे."

मांडवाच्या दोन्ही कोपऱ्यांत स्पीकर लावले होते. त्यातला एक सैपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून होता.

माझं डोकं फिरलं. मी माइक घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, "हिचं नाव सारिका. हिची आई आत्ता या भिंतीच्या मागं स्वयंपाकघरात बसली आहे, कारण तुम्हाला ती दिसता कामा नये."

एमा उठली आणि सरळ सैपाकघरात गेली. बाकीचे एकमेकांकडं बघत होते. एका पोराचा मोबाईल तरीही चालूच होता, त्याला मी मराठीतच झापलं. भाषा कळली नसेल, पण मोबाईल खिशात गेला. केदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, प्लीज. वसतिगृह म्हटलं तर बाहेरून कुणी येत नाही. ही एक मांडणी असते."

"मांडणी तुझ्या दुकानात कर," मी म्हणाले. "तुझ्या आईला बसवशील का असं?"

तेवढ्यात एमा सैपाकघरातून परत आली. तिनं विचारलं, मग बाकीच्या मुलांच्या आईबापांचं काय? सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "बहुतेकांना हायत. मेंढरांमागं असतात, ऊसतोडीला असतात." मी भाषांतर केलं.

हिराबाई बाहेर आली तेव्हा तिचे हात ओले होते. बसून काय करायचं म्हणून तिनं पाहुण्यांची भांडी घासायला घेतली होती. ती हसून म्हणाली, "सारे, गाणं म्हनलीस व्हय गं? मला कायबी ऐकाय आलं न्हाई." सारिकानं मान वर केली नाही. लाडू हातात धरून बसली, खाल्ला नाही. दिवसभर बसणार होत्या मायलेकी, बसल्या जेमतेम अर्धा तास. शेवटची एसटी चुकली असती तर हिराबाईला वाडा गाठता आला नसता.

फाट्यापर्यंत मी तिला सोडायला गेले, माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. रस्त्यात ती म्हणाली, "शिकवलं तसं म्हनली पोर. तिचा काय दोष? म्हनू द्या." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "पर लय मोठ्यानं म्हनली वो."

माझा मुक्काम तिथंच होता. संध्याकाळी सिस्टर गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि खोलीच्या दारातच थांबल्या. "उनाळ्यात हिथं टँकर ती संस्थेची लोकं धाडतात. टँकर बंद झाला तर एवढ्या पोरांनी प्यायचं काय?"

"म्हणून पाण्यासाठी जित्या आया मारायच्या, सिस्टर?"

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "पर तुमी उद्या सांगलीला जाताय. टँकरची वाट मला बघायची हाय."

मला त्यांचाही राग आला आणि त्यांच्याकडं उत्तर होतं याचाही आला. सकाळी पहिल्या गाडीनं निघाले.

तर, तुम्ही जाणार असाल अशा ठिकाणी, इथं किंवा परदेशात, तर आधी एक प्रश्न विचारा: मुलांना भेटायला कोण येतं आणि कधी? उत्तर देताना कुणी अडखळलं तर घरी बसा. भिंती रंगवायला शेजारची अंगणवाडी आहे. संस्थेच्या पानावर सारिकाचा फोटो अजूनही आहे, खाली लिहिलंय की तिला जगात कुणी नाही. मी तक्रार केली, त्यांनी मला ब्लॉक केलं. सिस्टरांनी मात्र पहिल्या रविवारची भेट परत सुरू केलीय. टँकरचं काय होणार, ते त्यांनाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी सारिकाची आई. चिपळूणकडं हाय, दुसऱ्याचा फोन हाय. पोरगी माझ्याशी बोलत न्हाई वो. सिस्टर फोन देतात, ती नुसती रडती. तिला वाटतंय मी ऐकलं. तुमी सांगा तिला, आईला कायबी ऐकाय आलं न्हाई म्हनून."

"तुम्ही सांगितलंत की तिला."

"माझं तिला खरं वाटत न्हाई. तुमचं वाटंल. तुमी सगळ्यांम्होरं खरं बोलला, ते तिनं बघितलंय."

मी बालगृहात फोन लावला. सारिकाला बोलवून घेतलं आणि सांगितलं, "अगं, तुझी आई तेव्हा मागं नळावर भांडी घासत होती. पाणी जोरात सुटलं होतं. मी स्वतः जाऊन बघितलं ना. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

मग ती म्हणाली, "मग आता आईला फोन लावू?"

लाव म्हटलं, चिपळूणचा नंबर सांगितला. आणि फोन ठेवल्यावर त्या मांडणीवाल्यांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.