पैलवानाचा हलका ट्रॅक्टर

त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्यानं कधी खेळली नव्हती. नुसता छाती काढून चालायचा. ट्रॅक्टरही तसाच ठेवायचा. बॉनेट पुसून चकचकीत, टायर हवा भरून टम्म. शेतात उतरताना हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर पसरतं आणि पकड घेतं, हे आमच्या टायरच्या दुकानात त्याला कितीदा सांगितलं. म्हणायचा, "टायर बसल्यासारखं दिसतं. लोक काय म्हणतील?" खरं कारण वेगळं होतं. उतरवलेली हवा परत भरावी लागते, आणि त्यासाठी वाकावं लागतं.

मागची चाकं जमिनीत पकड घ्यावीत म्हणून त्यांना लावायची बिडाची जड वजनं त्यानं रस्त्यावर विटांच्या खेपा करताना काढली, ती पुन्हा लावलीच नाहीत. एक घराचं दार अडवायला होतं, बाकीची गोठ्यात गंजत होती.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा परगावी कामाला. यंदा शेत वेळेत नांगरून झालं नाही तर ते तिचा दीर कसणार, असं तिच्या सासरी ठरलं होतं. तिनं भावावर भिस्त ठेवली.

पैलवान आला तो तसाच, बिनवजनाचा. जमीन ओलसर. नांगर टेकला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरली. शहाण्यानं थांबावं. यानं रेस वाढवली. चाकं रुतत गेली. बांधावर दीर मजा बघत उभा.

"दादा, वजनं कुठायत?"

"वजनानं काय होतंय? जमीनच खराब आहे तुझी. तू बस मडगार्डवर, तेवढा भार पुरे."

"आणि घसरून चाकाखाली गेले म्हणजे भाऊजींची कटकटच मिटली!"

दिरानं तोंड फिरवलं. तिनं तिथूनच फोन करून वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर बोलावला. त्याच्या चाकांना वजनं होती, टायरात भारासाठी पाणी भरलेलं होतं. ड्रायव्हरनं खाली उतरून टायरची हवा बेतानं कमी केली, साखळी लावून आधी पैलवानाला बाहेर ओढलं, मग नांगर टाकला. उजेड होता तोवर सगळं शेत उलथून झालं. दीर केव्हाच घरी गेला होता.

पैलवान सावलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "माझ्या इंजिनात ताकद जास्त. म्हणून चाकं फिरतात."

पुढच्या नांगरटीला त्यानं आपणहून विचारलं, "काय गं, कधी येऊ?"

"जेवायला कधीही ये, दादा. पण चालत ये."

तो आला. दोनदा वाढून घेतलं.